पोटात बिल्ला, पुढे विजेचं कुंपण

मुलांनो, आज आधी एक कोडं. वाहत्या पाण्यात कुंपण घालायचंय. त्यातून बोटी जायला हव्यात, पाणी वाहायला हवं, पण मासा मात्र एकही पलीकडे जाता कामा नये. कसं घालाल? जाळं लावलंत तर बोट अडकेल. भिंत बांधलीत तर पाणी तुंबेल.

हे कोडं खरंखुरं आहे बरं का! अमेरिकेतल्या शिकागो शहराजवळ एक कालवा आहे. तो १९०० साली सुरू झाला. त्याआधी शहराचं सांडपाणी नदीतून मिशिगन सरोवरात जायचं, आणि प्यायचं पाणीही त्याच सरोवरातलं! म्हणून इंजिनिअरांनी कालवा खणून शिकागो नदीचा प्रवाह चक्क उलटा फिरवला. शहराचं आरोग्य सुधारलं. पण त्या कालव्याने एक दारही उघडलं. एका बाजूला सुपीरिअर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ऑन्टॅरिओ ही पाच महासरोवरं, दुसऱ्या बाजूला मिसिसिपी नदी. दोन्हीकडचे मासे आता एकमेकांकडे जाऊ शकत होते.

काही वर्षं त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. मग १९७० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण भागात तळ्यांतलं शेवाळं वगैरे साफ करायला आशियातून दोन मासे आणले गेले. एक मोठ्या डोक्याचा बिगहेड, दुसरा सिल्व्हर कार्प. हा दुसरा तुमच्या ओळखीचा असेल. आपल्याकडे मत्स्यशेती करणारे त्याला चंदेरा म्हणतात आणि कटला, रोहूबरोबर तळ्यात सोडतात. तो मूळचा चीनकडचा. भारतात १९५९ साली आला.

अमेरिकेत हे मासे तळ्यांतून निसटले आणि मिसिसिपीत शिरून भराभर वाढले. त्यांचं खाणं म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, प्लवक. तिथल्या स्थानिक माशांची पिल्लंही त्यावरच जगतात. आता पाहुण्यांनी सगळं ताट फस्त केलं, तर घरच्या पोरांनी काय खायचं? शिवाय मोटारबोटीच्या आवाजाने चंदेरा पाण्याबाहेर आठ-दहा फूट उडी मारतो आणि बोटीतल्या माणसांवर आदळतो! हे मासे वर सरकत महासरोवरांत पोचले तर मोठंच नुकसान होईल.

म्हणून रोमिओव्हिल या गावाजवळ कालव्याच्या तळाशी पोलादी इलेक्ट्रोड बसवून पाण्यात विजेचे झटके सोडायला सुरुवात झाली. साल होतं २००२. मासा पुढे आला की त्याला झटका बसतो. तो मागे वळतो, नाहीतर सुन्न होतो आणि प्रवाह त्याला मागे वाहून नेतो. कारण पाणी सरोवराकडून उलट दिशेने येत असतं ना! सुटलं की नाही कोडं?

थांबा, सुटलं असं कोण म्हणतं? कुंपण बांधलं म्हणजे ते काम करतंच असं नाही. त्याची परीक्षा घ्यायला हवी. आणि इथे परीक्षक कोण? मासेच!

शास्त्रज्ञांनी मासे पकडले, गुंगी देऊन पोटात छोटा ट्रान्समीटर बसवला, टाके घातले आणि कुंपणाच्या खालच्या बाजूला सोडून दिले. प्रत्येक बिल्ल्याचा संकेत वेगळा, जसा तुमचा हजेरी क्रमांक. पाण्यातली यंत्रं तो संकेत ऐकतात आणि कोणता मासा किती वाजता कुठे होता याची नोंद ठेवतात. सुरुवातीला हे बिल्ले रेडिओ-लहरी सोडणारे होते. २०१० पासून आवाजाचे बिल्ले वापरून मोठी पाहणी सुरू झाली.

आता यातली हुशारी पाहा. परीक्षेला चंदेरा सोडला आणि तोच पलीकडे गेला तर? म्हणून बिल्ला बसवला कॉमन कार्पला, म्हणजे आपल्या सायप्रिनसला. तो तिथे एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि कालव्याच्या दोन्ही बाजूंना राहतो. तो पलीकडे गेला तरी नवं संकट नाही.

पहिल्या चाचणीत शंभराहून जास्त मासे होते. जवळजवळ सगळे अडले. फक्त एक पलीकडे गेला, एप्रिल २००३ मध्ये. एकच तर मासा, असं म्हणून शास्त्रज्ञांनी सोडून दिलं नाही. नोंदी पाहिल्या, तर नेमकी त्याच वेळी एक मालवाहू बार्ज तिथून जात होती. बार्जचं अंग लोखंडी, त्यामुळे पाण्यातलं विजेचं क्षेत्र तिच्याजवळ बिघडतं. पुढच्या चाचण्यांत असंही दिसलं, की एकमेकींना जोडलेल्या बार्जमधल्या फटीत लहान मासे अडकून पलीकडे ओढले जाऊ शकतात.

लहान माशांना झटकाही कमी बसतो. २०११ साली विजेचा जोर पृष्ठभागाजवळ इंचाला २.३ व्होल्ट केला गेला. आता गुणाकार करा. ३० इंची माशाच्या नाकापासून शेपटीपर्यंत ६९ व्होल्ट होतात, पण ३ इंची पिल्लाला सातसुद्धा नाहीत!

आणि काळजी खोटी नव्हती. २०१० मध्ये एक बिगहेड आणि २०१७ मध्ये एक चंदेरा कुंपणापलीकडे सापडले. म्हणून २०२० साली ब्रँडन रोड इथल्या धरणाजवळ वीज, बुडबुडे आणि आवाज असे एकाहून जास्त अडथळे उभारायला मंजुरी मिळाली.

मुलांनो, अडलेल्या शंभर माशांनी कुंपण चांगलं आहे एवढं सांगितलं. निसटलेल्या एकाने ते कुठे फसतं हे दाखवलं. तुमच्या चाचणीच्या पेपरात एकच गणित चुकतं, तेव्हा मार्क मोजून पेपर दप्तरात कोंबू नका. ते एक गणित काढून बघा. आई-बाबा, तुम्हीही त्याच्याशेजारी बसा.

आणि आपल्या पाण्याचं काय? उजनी धरणात भरपूर सापडणारी चिलापी मूळची आफ्रिकेतली आहे. ती आता परत जायची नाही. म्हणून घरच्या काचेच्या टाकीतला मासा नकोसा झाला, तर दया येऊन त्याला नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. दुकानदाराला परत द्या, नाहीतर मित्राला द्या. दार उघडायला एक क्षण पुरतो. ते बंद करायला किती वर्षं लागतात, ते शिकागोवाल्यांना विचारा!