वादळ विरतं किनाऱ्यावर, पाणी चढतं अंबरपेठेत

बंगालच्या उपसागरातलं वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकून ‘कमजोर’ झालं की बातम्यांतून ते जवळपास गायब होतं. हैदराबादच्या अंबरपेठेत राहणाऱ्यांची खरी काळजी मात्र तिथून पुढे सुरू होते. कमजोर होतो तो वारा. ढगांतलं पाणी तसंच आत येतं, आणि वादळाची चाल मंदावली तर ते एकाच शहरावर ओतलं जातं.

१३ ऑक्टोबर २०२० चं उदाहरण घ्या. त्या दिवशी सकाळी काकीनाड्याजवळ किनारा ओलांडणारी प्रणाली चक्रीवादळसुद्धा नव्हती, हवामान खात्याच्या भाषेत ते ‘डीप डिप्रेशन’ होतं. वाऱ्याचा वेग ताशी ६३ किलोमीटरच्या पुढे गेल्याशिवाय वादळाला नाव मिळत नाही, त्यामुळे याला नावही नव्हतं. तरीही पुढच्या चोवीस तासांत बेगमपेठ केंद्रावर सुमारे १९२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ऑक्टोबरमधला हैदराबादचा तोवरचा तो उच्चांक. घटकेसरकडे तर ३०० मिलिमीटरच्या वर पडला. हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले, मुसी फुगली आणि अंबरपेठ-मलकपेठ जोडणारा मुसारामबागचा पूल पाण्याखाली गेला.

हीच प्रणाली दुसऱ्या दिवशी आपल्या सोलापुरात पोहोचली. १४ ऑक्टोबरला पंढरपूरच्या कुंभार घाटावर भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. किनाऱ्यापासून इतक्या दूर, वारा ओसरल्यावर, भिजलेल्या भिंतीखाली! दोन राज्यांतल्या बातम्या वेगवेगळ्या छापल्या गेल्या, पण संकट एकच होतं.

आणि ते तिथेही संपलं नाही. १७ ऑक्टोबरच्या रात्री पुन्हा जोराचा पाऊस झाला आणि हैदराबादेत बालापूरच्या गुर्रम चेरुवूचा बांध फुटून खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तळी आधीच काठोकाठ होती, जमीन पाणी पिऊन तुडुंब होती. अशा वेळी एरवी पचला असता तो पाऊसही घात करतो. ऑक्टोबरच्या वादळांचं दुखणं हेच आहे. ती पावसाळ्याच्या शेवटी, धरणं भरलेली असताना येतात.

मुसीला हे नवं नाही. २८ सप्टेंबर १९०८ च्या पुरात सुमारे पंधरा हजार माणसं गेल्याचा अंदाज सांगितला जातो. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. पण या तलावांचे दरवाजे उघडले की पाणी काही तासांनी खाली येतं, तोवर अंबरपेठेत ऊनही पडलेलं असू शकतं. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी असाच विसर्ग झाला, तेव्हा महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरलं आणि मुसारामबागचा जुना पूल पुन्हा बंद झाला. महिन्याभरात ‘मोंथा’ आलं. २८ ऑक्टोबरच्या रात्री ते किनाऱ्यावर धडकलं, आणि विरता विरता दुसऱ्या दिवशी त्याने वरंगल-हनमकोंडा पाण्यात घातलं. डोर्नकलला रेल्वे रुळांवर पाणी आलं.

म्हणून पाऊस थांबल्यानंतरचे दोन-तीन दिवस जपून काढायचे. आपल्या लोकांनी एवढं तरी पाळावं:

– सेलरमध्ये पाणी असेल तर गाडी काढायला उतरू नका. मीटर बहुधा तिथेच असतात. आधी मेन स्विच बंद करायचा, तोही कोरड्या जागी उभं राहून हात पोहोचत असेल तरच. नाहीतर १९१२ वर वीज कंपनीला कळवा. २०२१ मध्ये ‘आयडा’ वादळाचे अवशेष न्यूयॉर्कपर्यंत गेले, तेव्हा तिथेही तळघरांतच माणसं अडकून मेली.
– उपसा पंप किंवा जनरेटर सेलरच्या आत चालवू नका, धुराने माणूस गुदमरतो.
– साचलेल्या पाण्यातून चालू नका. मॅनहोल उघडं आहे का, तार पडली आहे का, दिसत नाही. दोन फूट वाहतं पाणी मोटारही ओढून नेतं, मग दुचाकीचं काय?
– जुन्या घराची, कंपाउंडची भिंत फुगलेली किंवा चिरलेली दिसली तर त्या बाजूला झोपू नका. भिंती अनेकदा पाऊस थांबल्यावर पडतात.
– संपात नाल्याचं पाणी शिरलं असेल तर तो उपसून, धुऊन, क्लोरिन टाकूनच वापरा. तोवर पाणी उकळून प्या. चिखलात काम केल्यावर ताप आला तर अंगावर काढू नका, डॉक्टरला पुराच्या पाण्याचं सांगा.
– बंद गाडीत पाणी गेलं असेल तर स्टार्टर मारू नका.

आवरायला लागण्याआधी नुकसानीचे फोटो काढा, आधार आणि बँकेची कागदं वर ठेवा. २०२० मध्ये तेलंगणा सरकारने पूरग्रस्त कुटुंबाला दहा हजार रुपये जाहीर केले. मी-सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या आणि पालिका निवडणुकीच्या आचारसंहितेत वाटप थांबलं. ज्याची कागदं तयार नव्हती, तो मागेच राहिला.

सरकारकडेही मागणं आहे. इशारा वादळाच्या नावाबरोबर संपू नये. किती पाणी सोडलं, ते कोणत्या पुलावर किती वाजता पोहोचेल, हे साध्या शब्दांत कळायला हवं. बाग अंबरपेठेतलं बतुकम्मा कुंटा ‘हायड्रा’ने २०२५ मध्ये पुन्हा मोकळं केलं. पाण्याला थांबायला जागा देण्याचं ते काम एका कुंट्यावर थांबून चालणार नाही.

गावाकडच्यांसाठी एकच सांगणं. टीव्हीवर ‘वादळ ओसरलं’ ऐकलंत तरी देगलूर, धर्माबाद, बिलोलीहून हैदराबादला निघण्याआधी तिथल्या माणसाला फोन करा. तो ‘रस्ता मोकळा आहे’ म्हणाला, तरच निघा.