झरा कोणाच्या मालकीचा?

२०२४-२५ च्या हिवाळ्यात उत्तर जपानमधील गिन्झान या चिमुकल्या गावाने पाहुण्यांसाठी नवा नियम केला. संध्याकाळी पाचनंतर ज्याने आगाऊ तिकीट घेतले असेल त्यालाच गावात प्रवेश मिळेल, आणि रात्री आठनंतर जो मुक्कामाला असेल त्यालाच थांबता येईल. यामागाता प्रांतातील हे गाव म्हणजे ओढ्याच्या दोन्ही काठांवर उभ्या असलेल्या जुन्या लाकडी विश्रामगृहांची रांग. बर्फ पडून दिवे लागले की ते दृश्य पाहण्यास एवढी गर्दी लोटते की अरुंद वाटेवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. पाहुण्यांवरच ज्यांचा चरितार्थ चालतो त्यांनी पाहुण्याला वेशीवर अडवावे, हे वरवर विसंगत वाटेल. पण ही विसंगती नव्हे. गरम पाण्याच्या झऱ्यावर किती जणांचा आणि कोणाचा हक्क, या जुन्याच प्रश्नाचे ते ताजे रूप आहे.

कोकणात ज्याला उन्हाळे म्हणतात त्याला जपानी भाषेत ऑनसेन असे नाव आहे. उगमापाशी पाणी किमान २५ अंश सेल्सिअस असावे किंवा त्यात ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असावा, अशी त्याची व्याख्या १९४८ च्या कायद्याने केली. या झऱ्यांच्या आश्रयाने उभे राहिलेले परंपरागत निवास म्हणजे रियोकान. येथील मुक्कामाची रीत ठरलेली असते. दुपारी पोचावे, पादत्राणे दारात काढावीत, तातामीच्या चटयांनी आच्छादलेल्या खोलीत चहा घ्यावा, युकाता हा सुती झगा अंगावर चढवावा आणि स्नानाला जावे. रात्री त्या ऋतूत त्या परिसरात जे पिकते वा सापडते त्याचे बेताबेताने वाढलेले भोजन, आणि निजायला जमिनीवर अंथरलेली गादी. भाडे बहुधा माणशी, रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरून, आकारले जाते.

या साऱ्या सुखाच्या मुळाशी संयम आहे. कुंडात उतरण्यापूर्वी अंग साबणाने स्वच्छ धुवावे लागते. कुंडात साबण न्यायचा नाही, पंचा पाण्यात बुडवायचा नाही, दंगा करायचा नाही. कारण एकच: ते पाणी आपल्यानंतर येणाऱ्याचेही आहे. रियोकानचा सारा शिष्टाचार या एका जाणिवेवर उभा आहे, आणि आज तिचीच परीक्षा चालू आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला हा व्यवसाय भरभराटीला आलेला दिसेल. २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी प्रवासी जपानमध्ये आले. तोवरचा तो उच्चांक होता. परंतु १९८० च्या सुमारास ८० हजारांच्या वर असलेली रियोकानांची संख्या २०१७ पर्यंत ४० हजारांच्या खाली आली होती. खेड्यांतील तरुण शहरांकडे गेले. मालकिणीचा भार उचलायला सून वा लेक तयार नाही आणि गाद्या अंथरायला हात नाहीत. इ. स. ७०५ मध्ये स्थापन झालेले आणि जगातील सर्वांत जुने निवासगृह म्हणून नोंदले गेलेले यामानाशी प्रांतातील केइउनकान एकाच घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या चालविले. पण वारस नसल्याने २०१७ मध्ये त्याची सूत्रे घराण्याबाहेर गेली. २०१९ पासून शासनाने निवासव्यवसायात परदेशी कामगारांना विशेष परवान्याने येऊ दिले आहे, ते या टंचाईमुळेच.

माणसांची टंचाई सर्वांना दिसते. पाण्याच्या वाटणीचा प्रश्न मात्र जमिनीखाली दडलेला असतो. तो एका गावाने फार पूर्वी चव्हाट्यावर आणला. ह्योगो प्रांतातील किनोसाकी १९२५ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले. तोवर तेथे स्नान होत असे ते गावाच्या सार्वजनिक स्नानगृहांत. पुनर्बांधणीच्या काळात, १९२७ साली, एका विश्रामगृहाने आपल्या आवारातच झऱ्याच्या पाण्याचे स्नानगृह बांधले आणि गाव खवळले. जमीन माझी म्हणून तिच्याखालचे पाणीही माझे, असे एका बाजूचे म्हणणे. तर एकाने घरात ओढले की साऱ्यांचे आटेल, असे दुसरीचे. तंटा न्यायालयात गेला आणि २३ वर्षांनी, १९५० मध्ये, तडजोडीने मिटला. पाण्याची व्यवस्था गावाच्या सामाईक संस्थेकडे आली. विश्रामगृहांना आतल्या स्नानगृहांची मुभा मिळाली, पण ती लहान ठेवण्याच्या अटीवर. आजही तेथील पाहुणा युकाता व लाकडी खडावा घालून रस्त्याने सार्वजनिक स्नानगृहांकडे जाताना दिसतो. त्याच्या फिरण्यावर दुकानेही जगतात.

याच्या नेमके उलटे चित्र तोचिगी प्रांतातील किनुगावा येथे दिसते. भरभराटीच्या काळात तेथे कंपन्यांच्या सहलींसाठी प्रचंड वास्तू उभ्या राहिल्या. पाहुण्याला रस्त्यावर येण्याची गरजच पडू नये अशी करमणुकीची सारी सोय त्यांच्या आतच असे. १९९० नंतर सुबत्तेचा फुगा फुटला, सहली बंद पडल्या, आणि २००३ मध्ये त्या भागाला कर्ज देणारी बँकही कोसळली. नदीकाठच्या ओसाड इमारती आजही त्या हिशेबाची साक्ष देतात.

नवा मोह वेगळा आहे. धनिक पाहुण्याला आता खोलीलगतच स्वतंत्र कुंड हवे असते आणि त्यासाठी तो चढे भाडे आनंदाने मोजतो. पाहुणे कमी असले तरी चालेल, पण भाडे चांगले मिळावे, हा मालकाचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु सामाईक कुंडात जे पाणी वीस जणांना पुरते, ते खोल्याखोल्यांतून दिवसभर वाहू लागले की झऱ्यावरचा उपसा वाढतो. सागा प्रांतातील उरेशिनो येथे झऱ्यांची सरासरी जलपातळी चार वर्षांत सुमारे २० टक्क्यांनी घटल्याची वृत्ते आली, ती या दृष्टीने बोलकी आहेत.

दुसरा दावेदार अधिक बलवान आहे, आणि त्याची बाजूही हलकी नाही. भूगर्भातील उष्णतेच्या साठ्यात जपानचा क्रमांक अमेरिका व इंडोनेशिया यांच्या पाठोपाठ लागतो. तरी देशाच्या विजेत तिचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर शासनाने राष्ट्रीय उद्यानांतील निर्बंध सैल केले. आपली विहीर झऱ्यांपेक्षा फार खोल जाते, असे वीजकंपन्या सांगतात. विश्रामगृहवाले विचारतात: झरा आटलाच, तर तो तुमच्यामुळे आटला हे सिद्ध कोणी करायचे? २०२३ मध्ये होक्काइदो येथे चाचणीच्या विहिरीतून आर्सेनिकयुक्त पाण्याची वाफ उसळली, तेव्हा ही भीती केवळ कल्पनेतली नाही हे दिसून आले.

या पेचातून वाट नाही असे नव्हे. फुकुशिमा प्रांतातील त्सुचियू हे गाव २०११ च्या आघाताने खचले होते. काही विश्रामगृहे कायमची मिटली. मात्र तेथील झऱ्याचे पाणी इतके कढत, की स्नानापूर्वी ते निववावेच लागे. ती वाया जाणारी उष्णता वापरून गावकऱ्यांनी २०१५ मध्ये ४०० किलोवॅटचे छोटे वीजकेंद्र सुरू केले. नवा उपसा नाही, आणि उत्पन्नाचा विनियोग गावासाठी. अशा छोट्या केंद्रांनी देशाची गरज भागणार नाही, हे उघड आहे. मोठी केंद्रे लागतीलच. पण पाणी मोजण्याची व हानी झाल्यास भरपाईची हमी आधी मिळाली, तरच गावे त्यांना दार उघडतील. किनोसाकीच्या भांडणाने जे शिकवले ते हेच.

गिन्झानच्या वेशीवरील नियमाचा अर्थ या प्रकाशात लावला पाहिजे. त्यात आगंतुकाचा तिटकारा नाही. कुंडाच्या काठावर जो संकोच प्रत्येकाकडून अपेक्षिला जातो, तोच आता गावाच्या वेशीपर्यंत आणला गेला आहे. प्रश्न एवढाच, की पाहुण्याकडून मागितलेला हा संयम विश्रामगृहाचा मालक स्वतःच्या खोल्यांबाबत आणि शासन स्वतःच्या वीजयोजनांबाबत पाळील काय? तसे झाले नाही, तर आधी अंग धुऊन मग पाण्यात उतरणाऱ्या त्या पाहुण्यासाठी एके दिवशी कुंड उरेल, पण पाणी उरणार नाही.