उसनी ताकद महागात पडते

यंत्रमागावर मजुरी मीटरवर, म्हणून आजारी कारागिरालाही खाडा परवडत नाही. मग मधुमेहाचा वा क्षयाचा थकवा एनर्जी ड्रिंकने दाबला जातो. २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये नियमाप्रमाणे ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन असते. शिवाय बहुतेकांत भरपूर साखर. कॅफिन ताकद देत नाही, मेंदूला थकवा जाणवू देत नाही, इतकेच. ही उसनवारी आहे. झोप उडते, छाती धडधडते, मधुमेहीची साखर चढते आणि मूळ दुखणे आत वाढत राहते.

क्षयाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. कारखानदार बंधूंनी कॅन पाजण्याऐवजी तपासणीसाठी अर्ध्या दिवसाची मजुरी द्यावी, असे आम्हांला वाटते. कसबी हात गमावण्यापेक्षा हा खर्च स्वस्तच आहे.