सुईविना अर्धीच तपासणी



हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा किंवा अशक्तपणा अशा तक्रारींसाठी ‘एनसीव्ही’ लिहून देण्याची पद्धत बेंगळूरुच्या अस्थिरोग चिकित्सेत चांगलीच रुळली आहे. मात्र ही तपासणी अनेकदा अर्धीच होते आणि तिच्या ‘नॉर्मल’ अहवालालाच अंतिम निकाल मानले जाते, ही बाब आक्षेपार्ह आहे.

एनसीव्हीत त्वचेवरून विजेचा सौम्य झटका देऊन मज्जातंतूतून, म्हणजे लोकभाषेतील नसेतून, संदेश किती वेगाने व जोमाने जातो हे मोजतात. निरोगी प्रौढाच्या हातात हा वेग साधारणतः सेकंदाला 50 मीटरच्या आणि पायात 40 मीटरच्या वर असतो. ‘ईएमजी’ या तिच्या जोडतपासणीत बारीक सुई थेट स्नायूत घालून, तो शिथिल असताना व आकुंचन पावताना उमटणारे विद्युत् संकेत तपासले जातात. पहिली तपासणी प्रशिक्षित तंत्रज्ञ करू शकतो. दुसरीला जाणकार डॉक्टर व वेळ लागतो आणि ती दुखतेही, त्यामुळे सुई वगळण्याचा मोह रुग्णालाही होतो आणि केंद्रालाही.

मनगटात नस दबण्याच्या विकाराचे, म्हणजे कार्पल टनेलचे, बहुधा एनसीव्हीवर भागते. कंबरेची गादी सरकून पाय बधिर झालेल्याचे तसे नाही. संवेदना वाहणाऱ्या तंतूंच्या मूळ पेशी मज्जारज्जूबाहेर, मणक्यांमधील फटीपाशी असलेल्या गाठीत असतात आणि गादीचा दाब सहसा या गाठीच्या आतल्या बाजूस पडतो. परिणामी पायाकडे जाणारा तंतू आपल्या पेशीशी जोडलेला, धडधाकट राहतो आणि पाय बधिर असूनही त्याचा संवेदी आलेख निर्दोष येतो. दाबाचा पुरावा मिळालाच तर तो सुईने मिळतो, तोही त्या मुळाकडून चेतना घेणारे पाठीचे व पायाचे निरनिराळे स्नायू तपासल्यावर. केवळ संवेदी तंतू दबलेले असतील तर सुईही निरुत्तर होते, हे मान्य करायलाच हवे.

या शहराला तर सुईचे महत्त्व नव्याने सांगावे लागू नये. येथील निम्हान्स या मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेतील एम. गौरीदेवी व सहकाऱ्यांनी 1984 साली एकाच हाताचे वा पायाचे स्नायू झिजण्याच्या विकाराचे ‘मोनोमेलिक अमायोट्रॉफी’ या नावाने वर्णन केले. त्याच्या हाताच्या प्रकाराचे वर्णन जपानमध्ये हिरायामा यांनी 1959 मध्ये केले होते. विशी-पंचविशीच्या आतबाहेरच्या तरुणाचा पंजा झिजतो, दुखत मात्र नाही, आणि कोपरापाशी नस दबल्याचा संशय साहजिकच येतो. अशा वेळी करंगळीचा संवेदी आलेख निर्दोष असणे आणि सुईला त्या एका नसेच्या कक्षेबाहेरच्या स्नायूंतही बिघाड आढळणे, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या तरच लक्ष कोपरावरून मानेकडे वळते आणि मान पुढे वाकवून एमआरआय काढण्याचे सुचते. एरवी कोपराची शस्त्रक्रिया होते आणि झीज चालूच राहते.

अपघातात तपासणीचा मुहूर्तही तितकाच महत्त्वाचा. तुटलेल्या नसेचा खालचा भाग काही दिवस संदेश वाहतच असतो आणि स्नायूंतील नस तुटल्याच्या खुणा सुईखाली दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे दुचाकीवरून पडल्यानंतर चौथ्या दिवशी काढलेला अहवाल खोटे आश्वासन देऊ शकतो. उलट फार थांबणेही परवडत नाही, कारण नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते, तर चेतनेविना राहिलेला स्नायू साधारण दीड वर्षात ती स्वीकारण्याची क्षमता गमावतो.

सरसकट सर्वांना सुई टोचावी, असा याचा अर्थ नाही. सुईची गरज कोणाला, हे रुग्णाला तपासणाऱ्यानेच ठरवायचे असते. परंतु अस्थिरोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर ‘दोन्ही हात, एनसीव्ही’ एवढेच न लिहिता इजेची तारीख, दुर्बल स्नायू आणि मनगट की मान हा नेमका प्रश्न लिहिला जावा. अहवालातही कोणते स्नायू सुईने तपासले, आणि तपासले नसल्यास का नाही, हे नमूद असावे. सोबत हाताचे तापमानही, कारण वातानुकूलित खोलीत गारठलेल्या हातात वेग दर अंशाला सेकंदामागे सुमारे दोन मीटरने घटतो आणि निरोगी माणूस कागदावर रुग्ण ठरतो.

— एक वाचक, बेंगळूरु