मनगटावरचे यंत्र पारखून घ्या



रोहणा-आर्वी भागातील बरीच मुलेमुली आता नागपूर, अमरावती, पुण्याला अभियांत्रिकी शिकतात. सुटीत घरी आली की मनगटावर नवे घड्याळ दिसते. ते वेळ तर सांगतेच, शिवाय नाडीचे ठोके, पावले, झोप असा सगळा हिशेब ठेवते. काही मुले तर चार मित्र मिळून असे यंत्र स्वतःच तयार करण्याच्या खटपटीत असतात. या उद्योगाला ती 'स्टार्टअप' म्हणतात. घरच्यांना प्रश्न पडतो, हे खूळ की कामाची गोष्ट? कामाची आहे, मात्र बियाणे पारखतो तशी पारखून घेतली तरच.

प्रथम हे यंत्र चालते कसे ते पाहू. घड्याळाच्या पाठीला बारीक हिरवा दिवा असतो. त्याचा उजेड कातडीत शिरतो आणि रक्त तो शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कातडीखालचे रक्त वाढते व ओसरते, त्याप्रमाणे परत येणारा उजेड कमीजास्त होतो. त्यावरून ठोके मोजले जातात. पावलांची तऱ्हा वेगळी. आत हालचाल ओळखणारा चिमुकला तुकडा असतो. तो मुख्यतः हाताच्या झोक्यावरून पाऊल ओळखतो.

आता हेच शेतात नेऊन पाहा. डोक्यावरचा चाऱ्याचा भारा दोन्ही हातांनी धरून बाई धुऱ्याने चालली, तर हात झुलत नाहीत. तिची बरीच पावले हिशेबातून सुटू शकतात. उलट बंडीत बसून खडबडीत पांदणीने जाणाऱ्याच्या खाती काही पावले फुकट जमा होऊ शकतात. निंदणाला बसून बाई दिवसभर सरकते, त्या मेहनतीला तर या वहीत रकानाच नाही. 'रोज दहा हजार पावले' हा आकडाही मुळात संशोधनातून आलेला नाही. 1965 साली जपानमधील एका कंपनीने पावले मोजणारे यंत्र विकायला काढले. त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. तिथून तो आकडा जगभर पसरला.

पावले चुकली तर फारसे बिघडत नाही. साखर चुकली तर जीवावर बेतते. मनगटावर बांधताच रक्तातील साखर दाखवतो, अशी जाहिरात करणारी घड्याळे बाजारात आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की, कातडीला न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडाला लावायची, बारीक तार कातडीखाली जाणारी चकती वेगळी. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरतात. घड्याळातला आकडा पाहून इन्सुलिन किंवा गोळी कमी करू नका.

कातडीच्या रंगाचाही प्रश्न आहे. कोरोनाच्या साथीत बोटाला लावायचे ऑक्सिजन मापक गावोगावी पोहोचले. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, काळ्या वर्णाच्या रुग्णांत हे मापक खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवण्याची चूक अधिक वेळा करते. घड्याळही उजेडावरच चालते. म्हणून उन्हात रापलेल्या, घामाने भिजलेल्या मनगटावर त्याची परीक्षा झाली आहे का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

मग विद्यार्थ्यांनी या फंदात पडू नये का? अवश्य पडावे. 2014 साली पवईच्या आयआयटीत 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र सुरू झाले. नागपूरचे व्हीएनआयटी आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालयही त्यात सामील झाले. तिथे तरुण अभियंते आणि डॉक्टर एकत्र बसतात. आधी रुग्णाची अडचण पाहायची, मग यंत्राचा विचार, अशी रीत आहे. आयआयटीच्याच चमूने तयार केलेल्या डिजिटल स्टेथोस्कोपमुळे 2020 च्या साथीत डॉक्टरांना रुग्णापासून दूर राहून छातीचा आवाज ऐकता आला.

दुसरे उदाहरण अंगावर घालण्याच्या वस्तूचेच आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 2014 च्या सुमारास 'खुशी बेबी' हा उपक्रम सुरू केला आणि राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत नेला. बाळाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला ताईत, त्यात लसीकरणाची नोंद ठेवणारी चकती. आरोग्यसेविकेने मोबाईल जवळ नेला की नोंद दिसे. चकतीला बॅटरी लागत नव्हती. दृष्ट लागू नये म्हणून आया काळा दोरा बांधतातच, हे त्या मुलांनी पाहिले होते.

तेव्हा घड्याळ घेण्यापूर्वी एवढे करा :

1. खोक्यावर 'वैद्यकीय उपयोगासाठी नाही' असे छापले आहे का, ते मुलांकडून वाचून घ्या. असेल तर निदानासाठी त्यावर विसंबू नका.

2. स्वस्थ बसून मनगटाची नाडी बोटांनी 15 सेकंद मोजा व चारने गुणा. मोठ्या माणसाचे ठोके साधारण 60 ते 100 असतात. घड्याळाचा आकडा याच्याशी ताडून पाहा.

3. रक्तदाब दंडाला पट्टा बांधून, आरोग्य केंद्रातच तपासा.

4. छातीत दुखले, उन्हात काम करताना भोवळ आली किंवा फवारणीनंतर मळमळ, धूसर दिसणे, लाळ गळणे सुरू झाले, तर 108 ला फोन करा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले, हे विसरू नका. 'घड्याळात ठोके ठीक आहेत' म्हणून घरी थांबू नका.

शेवटी मुलांसाठी चार शब्द. नवे वाण एका प्रक्षेत्रावर चांगले आले म्हणून कोणी लगेच शिफारस करत नाही. निरनिराळ्या जमिनींत, अनेक हंगाम त्याची चाचणी होते. तुमच्या यंत्रालाही तोच नियम लावा. मे महिन्याच्या उन्हात काम करणाऱ्या बाईला भोवळ येण्यापूर्वी सावध करणारे, घामाने न बिघडणारे, मराठीत बोलणारे आणि वीज गेली तरी आठवडाभर चालणारे यंत्र करता आले, तर आमच्या भागात त्याचे मोल फार आहे.

पालकांनो, मुले सुटीत आली की त्यांना एक दिवस निंदणाला आणि एक दिवस वेचणीला सोबत न्या. यंत्र कशाला हवे आहे, ते तिथे कळेल. चाचणीसाठी मनगट पुढे करायला हरकत नाही; फक्त काय मोजणार, माहिती कुठे जाणार आणि आकडा चुकला तर काय, हे आधी विचारून घ्या.

असो. पुढील अंकात तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी पाहू.