आरक्षणाचा भार कोणावर?

निवासी विभागात कारखाना काढू दिला नाही म्हणून भरपाई मागणे आणि आपल्या भूखंडावर उद्यानाचे आरक्षण पडले म्हणून भरपाई मागणे, या दोन मागण्या एकाच तागडीत तोलता येणार नाहीत. पहिले बंधन सर्वांवर सारखे असते आणि त्याचा लाभही सर्वांना मिळतो. नांदेडला गोदावरीच्या पूररेषेत बांधकामास असलेला प्रतिबंध अखेर मालकाच्याही हिताचाच आहे. आरक्षणात मात्र साऱ्या शहराच्या सोयीचा भार एकट्यावर पडतो.

१९६६ च्या नगररचना अधिनियमातील कलम १२७ नुसार, अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकास नोटीस देता येते. त्यापुढील मुदत मुळात सहा महिन्यांची होती. २०१५ मध्ये ती चोवीस महिन्यांवर गेली. म्हणजे बारा वर्षे ना घर बांधता येते, ना जमिनीस रास्त भाव येतो. शेवटी आरक्षण रद्द झालेच, तर मालकाला जमीन सुटते, पण गेलेल्या वर्षांची भरपाई मिळत नाही. शहर तर उद्यानालाच मुकते.

रोख रकमेऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तोड मुंबईत चालते, कारण तेथे चटईक्षेत्रालाच भाव आहे. लातूर-नांदेडला त्या कागदास गिऱ्हाईक मिळेलच, असे नाही. म्हणून महापालिकांनी अंदाजपत्रकात संपादनाची तरतूद करता येईल तेवढीच आरक्षणे नकाशावर टाकावीत. पैशाची सोय नसलेले आरक्षण हे नियोजन नव्हे. ती दुसऱ्याच्या जमिनीवर केलेली उधारी होय.