प्रभूची पंगत आणि जातीची भिंत

धर्माची परीक्षा त्याच्या ग्रंथांवरून करावी की अनुयायांच्या नित्य वर्तनावरून, हा वाद जुना आहे. ख्रिस्ती धर्मापुरता तो त्या धर्माच्या आद्य प्रचारकानेच मिटविला आहे. करिंथ येथील मंडळीत धनिक आधी जेवून तृप्त होत व गरीब उपाशी राहत, हे कळताच त्या जेवणास प्रभुभोजन म्हणण्याचेच पौलाने नाकारले. विधीत उणे काही नव्हते; उणे होते ते शेजारी बसलेल्या माणसाविषयीच्या आदरात. उपासनेतील भक्ती रोजच्या व्यवहारात उतरली नाही तर आत्मिक उन्नती झालीच नाही, हाच त्या पत्राचा अर्थ होय.

ही कसोटी आपल्या देशातील ख्रिस्ती मंडळींस लावली असता काय दिसते? भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये आपले दलितविषयक धोरण प्रसिद्ध केले. सुमारे एक कोटी नव्वद लक्ष कॅथलिकांत एक कोटी वीस लक्ष दलित आहेत आणि चर्चमध्येही त्यांच्याशी भेदभाव होतो, ही कबुली त्यात आहे. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर येथे तर दफनभूमीतही दलितांची थडगी वेगळी करणारी भिंत घातली गेली. पुनरुत्थानावर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी मृतांसही जात चिकटवावी, याहून मोठी विसंगती कोणती? हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. पण त्यास २०२२ साल उजाडावे लागले.

आता कायद्याची बाजू पाहू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांस व १९९० मध्ये बौद्धांस त्या मिळाल्या. ख्रिस्ती व मुसलमान दलित बाहेरच राहिले. १९८५ मध्ये सूसाई यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, धर्मांतरानंतरही तितकीच विपन्नावस्था कायम असल्याचे दाखविले पाहिजे. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमण्यात आला.

चर्चनेच जात पाळली, मग त्याने सवलत कोणत्या तोंडाने मागावी, असा आक्षेप ऐकू येतो. आम्हांस तो मान्य नाही. दावा चर्चचा नसून दलित ख्रिस्त्याचा आहे; ज्याने अन्याय सोसला त्याला अन्याय करणाऱ्याच्या अपराधासाठी शिक्षा देणे, हा न्याय नव्हे. आणि हिंदू बांधवांनीही हसण्याचे कारण नाही. ही जात चर्चने परदेशातून आणलेली नाही; ती आपल्याच वेशीतून आत गेली आहे.

परंतु सरकारच्या हुकमाने पोट भरेल, पंगत एक होणार नाही. ते काम मंडळीचेच आहे. महाराष्ट्रास तर याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग व कीर्तन ख्रिस्तभक्तीच्या सेवेस लाविले आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोघेही तेथे बसू शकत. ज्या भूमीत असा दरबार भरला, तेथील मंडळींनी समतेचा धडा इतरांस घालून द्यावा.

करावयाचे काय, हे अवघड नाही. दफनभूमी सर्वांस एक असावी. मंडळीच्या कार्यकारिणीत व धर्मगुरूंच्या विद्यालयांत दलितांस संख्येच्या मानाने स्थान असावे. आणि सोयरीक जुळविताना जात विचारणाऱ्या घरांस धर्मगुरूंनी उपासनेनंतर नव्हे, उपासनेतच प्रश्न करावा. रविवारचे प्रवचन सोमवारी कामाच्या ठिकाणी, विहिरीवर व लग्नघरी टिकते की नाही, यावरच त्या धर्माची किंमत ठरेल.